रात्री अकरानंतरचं सँडविच: तवा एकच, ब्रेड परवाचा

ओलितवाला (तालुका दर्यापूर)
मंडळी, प्रश्न साधा आहे. पंपाची थ्री फेज लाइन रात्रीची असली की ओलित (पिकाला पाणी देणं) आटोपून घरी यायला अकरा-साडेअकरा होतात. भाकरी संपलेली असते, कणीक भिजवायचा कोणाला दम नसतो. घरात असते ते हे: परवा आणलेला ब्रेड, दोन आलू, टमाटर, कांदा, सांबार, चीझचे एक-दोन क्यूब, तूप. भांडं म्हणाल तर पोळ्यांचा लोखंडी तवा.

अडचणी तीन. खालून ब्रेड काळा होते तरी आत चीझ थंडच राहते. टमाटर टाकलं की खालची स्लाइस ओली होऊन हातात तुटते. आणि लेकरं झोपलेली असतात म्हणून मिक्सर लावता येत नाही. इलेक्ट्रिक टोस्टर आहे, पण लाइन गेली की इन्व्हर्टर त्याला पाहूनच पी-पी करते.

हॉटेलसारखं नको. दहा मिनिटांत होणारं, न तुटणारं सँडविच कसं करावं, एवढंच सांगा.

तर्रीबाज
ब्रेड चहात बुडवा अन् झोपा. धागा बंद करा.

काकू_आर्वीच्या
तर्रीबाज, तुम्ही झोपा. बाकीचे जागे आहेत.

ओलितवाले दादा, पहिली अडचण आचेची आहे. पोळीला तवा कडक तापलेला लागतो, ब्रेडला तेवढा चालत नाही. पोळी पातळ असते, अर्ध्या-पाऊण मिनिटात निघते. सँडविचमध्ये दोन स्लाइस आणि मधलं सारण मिळून दोन-अडीच सेंटिमीटर जाडी होते. ऊस्मा आतवर पोचायला चार-पाच मिनिटं लागतात. मोठ्या आचेवर वरचा पापुद्रा एका मिनिटात करपतो आणि आत काही पोचतच नाही.

तवा किती तापला ते पाहायला पाण्याचा एक थेंब टाका. थेंब गोळी होऊन तव्यावर नाचत फिरला तर तवा फार तापलाय, गॅस बंद करून दोन मिनिटं थांबा. थेंब जागेवरच चुर्र करून दोन-तीन सेकंदांत आटला तर बरोबर. नुसता पसरून बसला तर अजून तापू द्या.

मग छोटा बर्नर, बारीक आच. पहिली बाजू अडीच ते तीन मिनिटं, वर झाकण. उलटवल्यावर दोन मिनिटं, झाकण न ठेवता. झाकणाने वाफ कोंडते, त्याने चीझ वितळते. दुसऱ्या वेळी झाकण ठेवलं तर कुरकुरीत झालेली वरची बाजू पुन्हा मऊ पडते. इथेच बहुतेकांचं चुकतं, झाकण शेवटपर्यंत ठेवतात.

भिवापुरी_तिखट
काकूंच्या उत्तरात एक भर. पोळ्यांचा तवा मधात खोलगट असतो. स्लाइस त्यावर ठेवली की कडा टेकतात, मधला भाग अधांतरी राहते. म्हणून चारी कोपरे काळे आणि मधात पांढरा चंद्र. सराट्याने दाबत बसू नका, दाब सुटला की ब्रेड पुन्हा वर येते. सँडविचवर छोटी ताटली उपडी ठेवा आणि त्यावर पाण्याने अर्धा भरलेला गडवा. एक किलोच्या आसपास वजन पुरते. वरवंटा ठेवला तर सारण बाजूने बाहेर येते.

सपाट डोस्याचा तवा असेल तर हा खटाटोपच नको.

रिकामा_गंज
गडवा ठेवला तर काकूंचं झाकण कुठं ठेवू? डोक्यावर?

भिवापुरी_तिखट
ताटली हेच झाकण, भाऊ. थोडी मोठी घ्या, कडा तव्याला टेकेल अशी. मात्र मग वजन सँडविचवर येत नाही, ताटलीवरच राहते. म्हणून पहिलं एक मिनिट छोट्या ताटलीने दाबा, ब्रेड सपाट बसला की ती काढून मोठं झाकण ठेवा.

मुठाकाठ
मी पुण्याचा, जरा समजावून सांगा. मूळ पोस्टमध्ये ‘सांबार’ लिहिलंय. इडलीबरोबरचं सांबार ब्रेडवर ओतायचं? मग स्लाइस ओली होणारच ना!

तर्रीबाज
😂😂 झाला उजेड.

ओलितवाला
मुठाकाठ, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. सांबारवडी ऐकली नाही का? तुम्ही लोक जिला कोथिंबीरवडी म्हणता ती वेगळी, ते आत्ता काढू नका, धागा तिकडेच जाईल.

रिकामा_गंज
आणि गंज म्हणजे लोखंडाला लागतो तो नाही. पातेलं. माझ्या नावावरून दरवेळी सहानुभूती येते.

मुठाकाठ
आणि सराटा? तो काटा ना, पायात रुततो तो?

काकू_आर्वीच्या
तोही सराटाच. स्वयंपाकघरात सराटा म्हणजे उलथनं. आता ब्रेडकडे या.

पाणी_फौंडेशन_नाही_नुसतं_पाणी
दुसऱ्या अडचणीबद्दल. स्लाइस तुटते ती पाण्याने, म्हणून पाणी कुठून कुठून येते ते आधी पाहा.

टमाटर: गोल चकत्या करून तशाच ठेवल्या तर बियांभोवतीचा चिकट रस सगळा ब्रेडमध्ये जातो. टमाटर आडवं कापा, बोटाने बिया आणि रस वाटीत काढा (फेकू नका, सकाळच्या वरणात टाका), उरलेल्या गराच्या पातळ फाका करा. एका सँडविचला अर्धं मध्यम टमाटर पुरे.

मीठ: कापलेल्या भाजीवर मीठ पडलं की मीठ आतलं पाणी बाहेर ओढते. आधी मीठ लावून ठेवायचं आणि मग तव्याची तयारी करायची, हे उलटं काम. एक तर मीठ लावून दहा मिनिटं ठेवून पिळून घ्या (काकडीला हेच करा), नाही तर अगदी दुसरी स्लाइस झाकायच्या क्षणी टाका. मधली वाट नाही.

आलू: शिजवताना सालासकट अख्खे शिजवा. कापून शिजवले तर पाणी धरतात. गरम आलू कुस्करून लगेच भरला तर त्याची वाफ ब्रेडमध्येच जिरते, म्हणून संध्याकाळच्या वरणाच्या कुकरमध्येच दोन आलू टाकून ठेवायचे, रात्रीपर्यंत थंड होतात. मध्यम आकाराचा एक आलू, साधारण शंभर ग्रॅम, दोन सँडविचला होतो.

थर असे: ब्रेड, तुपाचा हात, किसलेलं अर्धं चीझ, आलू, कांदा, टमाटर, उरलेलं चीझ, ब्रेड. टमाटर ब्रेडला कुठंच टेकलं नाही पाहिजे. चीझ दोन्हीकडून असलं की तेच डिंकाचं काम करते, उलटवताना वरची स्लाइस सुटत नाही.

जवस_तीळ_कऱ्हाळ
वरचं सगळं बरोबर, पण आपल्या घरात याच्यावर सोपा इलाज डब्यात भरलेला असतो आणि कोणी नाव घेतलं नाही. जवसाची चटणी!

कोरडी चटणी टमाटराखाली पसरली की सुटलेलं पाणी ती पिते. जवसाला पाणी लागलं की त्याला बुळबुळीत चिकटा सुटतो, तो पाणी धरून ठेवतो. एका सँडविचला सपाट एक चमचा. जास्त टाकली तर त्याच चिकट्यामुळे घास टाळूला चिकटते. फल्लीदाण्याची चटणी थोडं कमी पाणी पिते पण चव गोड. कऱ्हाळाची जरा कडवट लागते, तिच्यासोबत कांदा वाढवा.

नसली घरात तर प्रमाण: एक वाटी जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा, सहा सुक्या लाल मिरच्या, आठ लसूण पाकळ्या, चमचाभर जिरं, मीठ. लसूण तव्यावर कोरडा करून घ्या, ओला कुटला तर चटणी चार दिवसांत खवट वास मारते. हे दिवसा करून ठेवा. मिक्सरचा प्रश्नच मिटला.

वऱ्हाडी_भाऊ
हे आवडलं आपल्याले. हिरवी चटणी कराचं झंझट काहून कराचं? आणखी एक सांगतो. ठेचा असन त थो लावा. ठेच्यात तेल असते, ब्रेडवर पातळ हात मारला की तेलाचा पापुद्रा होते, पाणी खाली जात नाई. पण ठेचा मंजे अर्धा चमचा, पोळीवर लावता तसा नाई. गरम चीझसंगं मिरची दुप्पट झोंबते.

भिवापुरी_तिखट
दुप्पट झोंबत नाही वऱ्हाडी भाऊ, उलट आहे. मिरचीचं तिखट स्निग्धात विरघळते, चीझ-साय-लोण्याने ते कमी लागते. झोंबते ते गरम असल्यामुळे. दोन मिनिटं थांबून खा, तोच ठेचा सौम्य लागेल.

वऱ्हाडी_भाऊ
अकरा वाजता दोन मिनिटं कोण थांबते बाप्पा.

हिरवी_चटणी_समर्थक
मला मिक्सरशिवायची हिरवी चटणी विचारायची होती. जवस वगैरे ठीक आहे, पण सँडविचला हिरवी चटणी हवीच.

काकू_आर्वीच्या
होते ना. मूठभर सांबार काड्यांसकट (चव काड्यांतच असते) सुरीने अगदी बारीक चिरा. दोन हिरव्या मिरच्या, दोन लसूण पाकळ्या, पाव चमचा मीठ एकत्र ठेवून वाटीच्या बुडाने पाटीवर रगडा. मीठ खडबडीत असलं की ते दळणाचं काम करते. त्यात चिरलेला सांबार आणि एक चमचा भाजलेल्या चण्याच्या डाळ्यांची पूड मिसळा. डाळ्यांनी चटणी घट्ट होते, वाहत नाही. पाण्याचा थेंब नको. लिंबू सगळ्यात शेवटी, पाच-सहा थेंब. आधी पिळलं तर अर्ध्या तासात रंग मेहंदीसारखा होतो.

खलबत्ता वापरू नका. त्याचा आवाज मिक्सरपेक्षा जास्त आणि शेजारपर्यंत.

अर्धी_स्लाइस
ब्रेडबद्दल कोणी बोलत नाहीये. परवाचा ब्रेड ही अडचण नाही, सोय आहे. ताजा ब्रेड मऊ आणि दमट असतो, तव्यावर दाबला की लगदा होतो. एक-दोन दिवसांचा ब्रेड थोडा कोरडा पडलेला असतो, तूप वरवर राहते आणि रंग एकसारखा येतो.

फक्त फ्रिजमध्ये ठेवू नका. ब्रेड कडक होतो तो नुसता पाणी उडून होत नाही. त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट बसतो आणि ही क्रिया फ्रिजच्या थंडीत बाहेरपेक्षा जोरात चालते. बर्फाच्या कप्प्यात ठेवला तर मात्र थांबते. ठेवलाच असेल फ्रिजमध्ये तर फेकू नका, तव्यावर गरम झाला की स्टार्च सैल होतो, पुन्हा मऊ लागतो. गरम असेपर्यंतच हं. थंड झाला की पुन्हा चामडं.

पावसाळ्यात उलटं. आपल्याकडे जुलै-ऑगस्टच्या दमटीत बाहेरच्या ब्रेडला बुरशी लवकर धरते. हिरवा किंवा काळा ठिपका दिसला की तेवढाच तुकडा तोडून बाकी खाऊ नका. ठिपका म्हणजे वरचं पीक, धागे आत दूरवर गेलेले असतात. त्या दिवसांत बर्फाचा कप्पाच बरा, गोठलेली स्लाइस थेट तव्यावर टाकता येते, मिनिटभर जास्त लागते.

तर्रीबाज
“वरचं पीक”. शेतकऱ्याच्या धाग्यावर बुरशीचं पण उत्पन्न निघालं.

पऱ्हाटी_तुराटी
ज्यांच्याकडे रात्री सिलिंडर संपते त्यांच्यासाठी. चुलीवर सँडविच होते, पण पऱ्हाटीवर (कपाशीच्या वाळल्या काड्यांवर) नाही. पऱ्हाट्या आणि तुराट्या भडकन पेटतात, ज्वाळ मोठी, निखारा जवळजवळ नाही. तव्याचा मध लाल होते आणि दोन मिनिटांत आग संपते. भाकरीला चालते, ब्रेडला नाही.

बाभळीचं एक लाकूड किंवा गोवरी लागते. पेटवून ज्वाळ बसू द्या, निखारे चुलीच्या तोंडाकडे ओढून पसरा, तवा आधी बाजूला तापवून मग त्यावर ठेवा. जेवणानंतर विझत आलेल्या चुलीत हे निखारे राखेखाली जिवंत असतात, फुंकणीने राख उडवली की काम होते. तूप तव्यावर टाकू नका, ब्रेडला लावा. तव्यावरचं तूप निखाऱ्यावर ओघळलं की धूर सगळा सँडविचमध्ये.

लाइनमन_नाही_नुसता_शेजारी
इन्व्हर्टरचा हिशेब. दोन स्लाइसचा सँडविच टोस्टर साधारण ७०० ते ७५० वॅटचा असतो. १२ व्होल्टच्या एका बॅटरीवरून ७०० वॅट काढायचे म्हणजे ५८ अँपियर, आणि इन्व्हर्टरमधली गळती धरली तर ६५च्या पुढे. घरगुती इन्व्हर्टरवर आधीच दोन पंखे आणि दिवे असतात. ८००-९०० व्हीएच्या इन्व्हर्टरला हे झेपत नाही, तो ओव्हरलोड दाखवून बंद होते. पी-पी करते म्हणजे स्वतःला वाचवून रायला, त्याला दोष देऊ नका.

लाइन असताना मात्र टोस्टर महाग नाही. पाच मिनिटं चालला तर ०.०६ युनिट.

गॅसवर धरायचा लांब दांड्यांचा अॅल्युमिनियमचा टोस्टर मिळते, तो या सगळ्याला उत्तर आहे. आत दोन्ही पाट्यांना तूप, सँडविच बसवा, कडा बंद करून बाहेर आलेला ब्रेड सुरीने कापा. मध्यम आचेवर एकेका बाजूला दीड मिनिट, दर अर्ध्या मिनिटाला पलटवा. अॅल्युमिनियम लोखंडापेक्षा फार लवकर तापते आणि आत काय चाललं दिसत नाही, म्हणून पलटवत राहायचं. त्यात सारण कमी भरा, जास्त भरलं तर पकड बंद होत नाही आणि चीझ बर्नरवर टपकते.

हिरवी_चटणी_समर्थक
तूप की लोणी? सगळे तूप-तूप करताय. बटरशिवाय सँडविचला सँडविचची चव येत नाही.

काकू_आर्वीच्या
बटरमध्ये १५-१६ टक्के पाणी असते आणि थोडे दुधाचे घटक. ते घटकच आधी करपून काळे ठिपके पडतात. तुपात ते कढवतानाच बेरी होऊन निघून गेलेले असतात, म्हणून तूप जास्त आच सहन करते. लोखंडी तव्यावर आच सांभाळता येत नसेल तर तूप. बटरची चव पाहिजेच असेल तर ते आतल्या बाजूने लावा, बाहेरून तूप. एका सँडविचला बाहेरून मिळून एक चमचा पुरते, पण कडेपर्यंत लागलं पाहिजे. मधातच ढेकूळ ठेवलं की मध तपकिरी, कडा पांढऱ्या.

वऱ्हाडी_भाऊ
फल्लीच्या तेलानं बी होते. वास येते थोडा, पण आपल्याले सवय हाय.

सायवाली_मावशी
चीझ नसेल त्या दिवशी साय. दोन चमचे घट्ट साय, बारीक कांदा, मिरपूड, मीठ शेवटी. बाहेरूनही सायच पातळ लावायची. तुपापेक्षा लवकर रंग येतो कारण सायीत दुधाची साखर असते, म्हणून आच अजून बारीक आणि वेळ दीड मिनिट. पनीर घालणार असाल तर ते वितळेल अशी वाट पाहू नका. पनीर आंबट घालून फाडलेलं असते, तापवल्यावर घट्टच राहते. कुस्करून, दाबून पाणी काढून भरा.

झुणका_भाकर_ब्रेड
रात्रीचा कोरडा झुणका उरलेला असला तर बाकी काहीच नको. दोन चमचे झुणका, कच्चा कांदा, लिंबू. पाण्याचा प्रश्न नाही कारण बेसनाने सगळं पाणी आधीच प्यायलेलं असते. फक्त शेजारी पाण्याचा गडवा ठेवा, घशात अडकते. 😄 (तोच गडवा, भिवापुरी ताई, वजन म्हणून आधी वापरलेला.)

नांगर_थांबवा
मूळ मुद्दाच पटत नाही. पोळी असताना ब्रेड कशाला? सकाळची एक पोळी, अर्ध्या भागावर किसलेलं चीझ, कांदा, जवस चटणी, घडी घालून तव्यावर. एका बाजूला पाऊण मिनिट. पातळ असल्याने आत ऊस्मा लगेच पोचते, काकूंचं वेळापत्रक लागत नाही.

मुठाकाठ
पण मग ते सँडविच कसं?

नांगर_थांबवा
दोन थरांच्या मधात खायची वस्तू. अजून काय असते सँडविच?

अर्धी_स्लाइस
तशी व्याख्या केली तर वावरात दोन भाकऱ्यांच्या मधात ठेचा बांधून नेणारा प्रत्येक माणूस सँडविच नेत होता. नाव मात्र मिळालं जॉन माँटेग्यूला, इंग्लंडातल्या सँडविच गावाच्या नावाने पदवी असलेला चौथा अर्ल, १७१८ ते १७९२. १७६२ साली एडवर्ड गिबनच्या रोजनिशीत हा शब्द खाण्याच्या अर्थाने आलेला सापडतो. कापलेला ब्रेड तर फार नंतरचा, स्लाइस करणारं यंत्र अमेरिकेत १९२८ मध्ये बेकरीत चालू झालं.

तर्रीबाज
म्हणजे ठेच्याचं पेटंट गेलं.

नांगर_थांबवा
भाकरीचं मात्र करू नका. ज्वारीत गव्हासारखा चिकट ग्लुटेन नसते, शिळी भाकरी घडी केली की तडकते. तिचा कुस्करा करा, तो वेगळा विषय.

अंडेवाले_गुरुजी
ज्यांना अंडं चालते त्यांनी एवढं वाचून चीझ शोधत बसू नये. दोन अंडी, कांदा, मिरची, सांबार, चिमूटभर मीठ फेटा. तव्यावर तूप, ओता, वरची बाजू ओली असतानाच दोन स्लाइस शेजारी-शेजारी ठेवून हलकं दाबा. ओलं अंडं ब्रेडला धरते. एक मिनिटाने अख्खं उलटवा, बाजूला लोंबणारं आम्लेट आत दुमडा, मग एक स्लाइस दुसरीवर पुस्तकासारखी मिटा. ब्रेडची बाहेरची बाजू अर्धा मिनिट भाजा. एकूण चार मिनिटं. स्लाइस ठेवायला उशीर केला आणि अंडं वरून सुकलं तर ब्रेड चिकटत नाही, उलटवताना दोघांचा घटस्फोट.

पाखरू
पावसाळ्याची गोष्ट राहिली. रात्री वट्ट्यावरच्या दिव्याला पाखरं येतात आणि ती तव्यावरच पडतात. तव्याच्या वरचा दिवा बंद, पलीकडच्या खोलीतला चालू ठेवा. पाखरं तिकडे जातात, तुम्हाला उजेडही पुरतो. किसलेलं चीझ उघडं ठेवू नका. आणि ब्रेडच्या पाकिटाला मुंग्या लागत असतील तर डबा परातीतल्या बोटभर पाण्यात ठेवा.

सायवाली_मावशी
उन्हाळ्यासाठीही सांगते. मे महिन्यात आपल्याकडे रात्रीसुद्धा घर तापलेलं असते. संध्याकाळी उकडलेले आलू बाहेर ठेवून अकराला वापरायचे, हे हिवाळ्यात चालते, मे मध्ये नाही. तासाभरात निवले की फ्रिजमध्ये. फ्रिज नसेल तर त्या दिवसांत आलूऐवजी कांदा, जवस चटणी आणि चीझ, संपलं. ओल्या नारळाची चटणी रात्रीपर्यंत ठेवूच नका.

वावरातला_मचाण
हेच सँडविच जागलीवर न्यायचं असेल तर? रानडुकरांमुळे रात्रभर मचाणावर. दोन-तीन तासांनी खातो तोवर फडकं होते.

पाणी_फौंडेशन_नाही_नुसतं_पाणी
गरम सँडविच डब्यात किंवा पन्नीत बंद केलं की वाफेचं पाणी झाकणाला लागून परत खाली टपकते. तव्यावरून काढून सपाट ताटात ठेवू नका, खालून घाम सुटतो. पिठाच्या चाळणीवर किंवा टोपलीवर पाच-सात मिनिटं ठेवा, खालून हवा लागली पाहिजे. पूर्ण थंड झाल्यावर सुती फडक्यात गुंडाळा. सारणात टमाटर नको, कच्चा कांदाही कमी. जवस किंवा झुणका सगळ्यात टिकाऊ.

काकू_आर्वीच्या
यावरून आठवलं, सगळ्यात महत्त्वाचं सांगायचंच राहिलं. दोन्ही स्लाइस आधी कोरड्याच तव्यावर ठेवा, फक्त एक बाजू, एक मिनिट, फिकट तपकिरी होईपर्यंत. आता ही भाजलेली बाजू *आत* घ्या. तिच्यावर चटणी, चीझ, सारण. न भाजलेल्या पांढऱ्या बाजू बाहेर, त्यांना तूप, आणि नेहमीसारखं भाजा. आतून आधीच कडक पापुद्रा झालेला असतो म्हणून पाणी लवकर शिरत नाही, आणि स्लाइस आतून गरम असल्याने चीझ लवकर वितळते. दोन्ही अडचणी एकाच मिनिटात.

भिवापुरी_तिखट
काकू, हे पहिल्याच उत्तरात सांगितलं असतं तर एवढा धागा झाला नसता.

तर्रीबाज
म्हणूनच नाही सांगितलं.

ओलितवाला
सगळ्यांचे आभार. दोन रात्रीत चार सँडविच करून पाहिले, फरक लिहितो.

१. ब्रेड जसा आहे तसा, टमाटराच्या अख्ख्या चकत्या, बारीक आच, झाकण: चीझ वितळलं, खालची स्लाइस उचलताना वाकली.
२. तसंच, पण टमाटराच्या बिया काढून आणि खाली जवस चटणी: वाकली नाही. दहा मिनिटांनी खाल्लं तरी ठीक.
३. काकूंची पद्धत, एक बाजू आधी भाजून, चटणीशिवाय: हातात कडक, आत चीझ तारेसारखं. पंधरा मिनिटांनी तळ थोडा नरम.
४. काकूंची पद्धत अधिक जवस: हेच. एका हातात धरून खाता येते, दुसऱ्या हातात मोबाइल.

गडव्याचं वजन दोनदा ठेवलं, मध पांढरा राहिला नाही. चीझचा क्यूब थंडच किसला, फ्रिजमधून आधी काढून ठेवलेला नरम पडून किसणीला चिकटत होता. थंड किस झाकणाखाली वितळायला मिनिटभरही लागलं नाही.

एक प्रश्न उरला. सगळं करूनही कडेचा तपकिरी भाग चिवट लागतो. तो आधी कापून टाकावा का?

अर्धी_स्लाइस
कापू नका, कड गेली की सारण बाजूने निसटते. चिवट लागते कारण कडेवर तूप पोचलं नाही आणि ती नुसती सुकली. सँडविच तयार झाल्यावर उभं धरून चारी कडा तव्यावर दहा-दहा सेकंद टेकवा, जे तूप तव्यावर उरलं असेल त्यातच.

रिकामा_गंज
उभं धरताना आतला आलू तव्यावर पडला तर?

अर्धी_स्लाइस
मग तुम्ही आलू जास्त भरलाय. शंभर ग्रॅमचा एक, दोन सँडविचला. वर लिहिलंय.